होणारे आणि करणारे

देवास म्हटले की आम्हा गोव्याच्या मराठी माणसांना पहिल्यांदा आठवतात ते कुमार गंधर्व. १९४८ साली आजारी अवस्थेत ते माळव्यात आले आणि १९९२ साली जाईपर्यंत देवासचेच राहिले. पुढे थोडे वाचन असले तर पवारांची संस्थाने आठवतात, आणि इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. झालेल्यांना ई. एम. फॉर्स्टर. ते १९२१ साली तिथल्या महाराजांचे खाजगी सचिव होते. २०१९ च्या फेब्रुवारीत एल.टी.सी. घेऊन आम्ही उज्जैन, ओंकारेश्वर, देवास असा बेत आखला तेव्हा याच गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. आणखी एक होती, ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती. मला उदयनगरला जायचे होते.

उदयनगर हे देवास जिल्ह्यातले गाव. नकाशात शोधूनच काढावे लागते. विंध्याच्या उतारावरचा, भिल्ल-भिलाल्यांच्या वस्तीचा हा मुलूख. तिथे महाकालासारखे मोठे देवस्थान नाही की देवाससारखी गाण्याची पुण्याई नाही. "तिथे काय आहे?" सौ.ने विचारले. मी म्हटले, "एक समाधी आहे." ती फार काही बोलली नाही. इंदूरहून गाडी केली. ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलका होता. नाचनबोरचा घाट आल्यावर त्याने आपणहून गाडी हळू केली आणि बोट दाखवले. "यहीं मारा था सिस्टर को," तो म्हणाला. थोडे थांबून पुढे म्हणाला, "होनी को कौन टाल सकता है!"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, फक्त भाषा वेगळी. म्हणून आज त्यावर लिहितो.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. राणी मारिया ही केरळातल्या पुल्लुवळी गावची शेतकऱ्याची मुलगी, जन्म १९५४ चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात जोगीण झाली, उत्तर भारतात काम करू लागली आणि १९९२ साली उदयनगरला आली. भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या कर्जातून बाहेर काढणे, बचतीचे गट करणे, सरकारी योजना आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवणे, असे तिचे काम होते. ज्यांचे व्याज बुडत होते त्यांना ते आवडणे शक्यच नव्हते. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी ती इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसली होती. घाटात समुंदर सिंह नावाच्या विशीतल्या तरुणाने तिच्यावर सुरीने वार करायला सुरुवात केली. बस भरलेली होती. तो वार करीत राहिला, तिला खाली ओढून पुन्हा वार केले. अंगावर पन्नासाहून जास्त जखमा होत्या. बसमधला एकही माणूस मध्ये पडला नाही. ती ४१ वर्षांची होती.

समुंदर सिंहला जन्मठेप झाली. आपल्याला दुसऱ्यांनी भरीस घातले असे तो पुढे सांगत आला. तुरुंगात असताना, सुटल्यावर त्या भरीस घालणाऱ्याचा काटा काढायचा हेच त्याच्या मनात घोळत होते. स्वामी सदानंद नावाचे संन्याशाच्या वेशात राहणारे ख्रिस्ती धर्मगुरू त्याला वारंवार भेटत राहिले. मग २००२ साली राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीणच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. ज्या हातात सुरी होती त्या हातावर. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ साली तो सुटला. नंतर तो केरळात तिच्या घरी जाऊन आई-वडिलांच्या पायाशी बसून आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला 'धन्य' म्हणून घोषित केले. त्या वेळी आमच्या ऑफिसातल्या एका ख्रिश्चन सहकाऱ्याने मला ही गोष्ट सांगितली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण पुढे येईल.

कॉलेजात असताना पु. लं.चे 'राजा ओयदिपौस' वाचले होते. इंग्रजीच्या तासाला सरांनी शिकवले ते असे: ग्रीक शोकांतिका म्हणजे नियतीचे नाटक, माणूस म्हणजे तिच्या हातातले बाहुले. परीक्षेत मी तेच लिहिले आणि मार्क मिळाले. पुढे पंचविशी उलटल्यावर पुन्हा वाचले तेव्हा वाटले, आपण चुकीचे लिहून मार्क मिळवले!

ईडिपसची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असे भाकीत होते. ते टाळायला तो कॉरिंथ सोडून पळतो, तिठ्यावर एका म्हाताऱ्याला मारतो, थीब्जचा राजा होतो. म्हातारा बाप निघतो आणि राणी आई. पण नीट पाहा, हे सगळे नाटक सुरू होण्याआधी घडून गेलेले आहे. रंगमंचावर जे घडते त्यात भाकिताचा संबंध नाही. खुन्याचा शोध लावायचे तो स्वतः ठरवतो. तायरेसियस सांगतो, नको विचारूस. योकास्ता पाया पडते, इथेच थांब. तो थांबत नाही. डेल्फीच्या देवाने 'तू शोध घेशील' असे कुठेही म्हटलेले नव्हते. आणि शेवटी डोळे फोडून घेतल्यावर कोरस विचारतो, कुठल्या देवाने तुला हे करायला लावले? तेव्हा तो दोन गोष्टी एका दमात सांगतो. हे दुःख आणले अपोलोने; पण घाव घालणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता.

दुसरे नाटक याहून जुने. एस्किलसची 'ओरेस्टेइया' ख्रिस्तपूर्व ४५८ मधली. ग्रीकांच्या शोकांतिकांपैकी तीन नाटकांची अख्खी मालिका टिकली ती एवढीच. या घराण्याला शाप आहे. आगामेम्नॉन युद्धासाठी स्वतःच्या मुलीचा बळी देतो, म्हणून बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारते, म्हणून मुलगा ओरेस्टेस आईला मारतो. नवऱ्याचे प्रेत समोर ठेवून क्लायटेम्नेस्ट्रा म्हणते, हे मी केले असे समजू नका. या घराचा सूड घेणारे जुने पिशाच माझ्या रूपाने आले होते. त्यावर गावचे म्हातारे जे उत्तर देतात ते आमच्या कोर्टात चालावे असे आहे. पिशाचाने हात लावला असेल हो, पण तू निर्दोष आहेस याची साक्ष कोण देणार?

या म्हाताऱ्यांविषयीही एक गोष्ट सांगायची. राजाची किंकाळी ऐकू येते तेव्हा ते दारापाशीच असतात. आत धावायचे की लोकांना बोलवायचे, यावर एकेक जण आपले मत देतो. मते देऊन होईस्तोवर राजा मरतो. नाचनबोरच्या घाटातली ती बस आठवली की मला हाच प्रसंग दिसतो. सगळे साक्षीदार होते आणि सगळ्यांना नंतर म्हणता आले, होणार होते ते झाले.

आता शब्दांचा एक खेळ पाहा. ग्रीक भाषेत नियतीला 'मोइरा' म्हणतात, तिचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. आपला 'भाग्य' हा शब्द 'भाग' या शब्दातून आला, म्हणजे तोही वाटाच. आणि 'नशीब' अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ वाटा! तीन वेगवेगळ्या संस्कृती, आणि तिघींनाही नियती म्हणजे वाटणीत आलेला तुकडा असेच वाटले. आपण म्हणतोच की, 'हे माझ्या वाट्याला आले.' जमिनीच्या वाटण्या रोज बघणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हे लगेच पटते. वाट्याला कातळ आला की कुळागर, हे तुमच्या हातात नाही. त्यात काय पेरायचे हे मात्र कुठल्याच वाटणीपत्रात लिहिलेले नसते. आपल्या शास्त्रानेही संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग केले आहेत. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रारब्ध हे आवक रजिस्टर आणि क्रियमाण हे जावक. आवकमध्ये काय आले त्याला कारकून जबाबदार नाही. टेबलावरून पुढे काय गेले, त्याला आहे.

इतके सगळे शहाणपण मी आज सांगतो आहे. आता ते कुठून आले ते सांगतो.

डिसेंबर २००५. आमचे गाव डिचोली तालुक्यातले, खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरचे. मी तेवीस वर्षांचा, बेकार. कारकुनाच्या जागेसाठी अर्ज भरला होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही आणि शिक्का हवा होता. मला ताप होता. धाकट्या भावाला म्हटले, तू जाऊन ये. तो एकोणीस वर्षांचा. "दादा, संध्याकाळी जातो," म्हणाला. मी म्हटले, "संध्याकाळी साहेब नसतात, आत्ताच जा." तो गेला. परत येताना वळणावर खनिज भरलेल्या ट्रकाखाली त्याची मोटारसायकल गेली. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी मिळाली, सह्या-शिक्क्यांसकट. दुसऱ्या दिवशी कुणा नातेवाइकाने ती ऑफिसात नेऊन दिली. मला ती नोकरी लागली. आजही मी त्याच नोकरीत आहे.

आई तेव्हा म्हणाली, "सटयेन बरयल्लें तें कोण पुसतलो?" सटवीने सहाव्या रात्री लिहिले ते कोण पुसणार? बाबांनी ग्रामदेवतेला प्रसाद लावला, घरावर काही दोष आहे का म्हणून. पाकळी उजवी पडली, दोष नाही. भट म्हणाले, आयुष्यरेषा तेवढीच होती. मी हे सगळे दोन्ही हातांनी धरून ठेवले. कारण सटवीनेच लिहिले असेल तर 'आत्ताच जा' म्हणणारा मी कोण?

पण ट्रकचा ड्रायव्हर शेजारच्याच गावचा. केस कोर्टात गेली, साक्षी फिरले, तो सुटला. त्याच्या बाबतीत मात्र सटवीचे लिहिणे मला मान्य नव्हते. त्याने जोरात चालवली म्हणून भाऊ गेला, असे माझे स्पष्ट मत होते. म्हणजे हिशेब असा: माझ्या वाट्याची चूक नशिबाची आणि त्याच्या वाट्याची त्याची. एकाच प्रेताचे दोन कायदे! नऊ वर्षे या हिशेबातली गफलत मला दिसली नाही.

२०१२ साली खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले. २०१४ साली एक दिवस तो माझ्या काउंटरसमोर उभा. त्याने मला ओळखले की नाही, मला कळले नाही. मी ओळखले. मुलीच्या फी-सवलतीसाठी त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. कागद सगळे बरोबर होते. मी म्हटले, ठेवून जा.

ती फाइल मी सतरा दिवस हलवली नाही. खोटे काही केले नाही, एकही नियम मोडला नाही. ती गठ्ठ्याच्या तळाशी घातली, एवढेच. तो तीनदा आला. "साहेब रजेवर आहेत," "चौकशीचा अहवाल यायचा आहे," "सोमवारी बघा." तिसऱ्या वेळी जाताना तो शिपायाला म्हणाला, "नशीबच वायट, दुसरें कितें!" शिपायाने मान हलवली. शाळेची तारीख टळली. मग मी फाइल पुढे सरकवली. त्या वर्षीची सवलत त्या मुलीला मिळाली नाही.

'नशीबच वायट.' हे मी टेबलामागे बसून ऐकले आणि तेव्हा मला गंमत वाटली, हे कबूल करतो. पुढे ते वाक्य काट्यासारखे रुतत गेले. त्याचे नशीब म्हणजे मी होतो. देव नव्हे, सटवी नव्हे, ग्रह नव्हे. चहा पीत बसलेला एक एल.डी.सी. आपण ज्याला नियती म्हणतो तिचा केवढा तरी भाग दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीने घडलेला असतो, आणि तो माणूस आपल्याला दिसत नाही म्हणून आपण वर आकाशाकडे बघतो. उदयनगरच्या आदिवासींनाही पिढ्यान्‌पिढ्या कर्ज हे कपाळावर लिहिलेलेच वाटत असेल. राणी मारियाने त्यांना दाखवले की ते कपाळावर नाही, सावकाराच्या वहीत लिहिलेले आहे. वहीतले खोडता येते. माझ्या मते तिला मारण्याचे खरे कारण हेच.

तिच्या समाधीपाशी मी अर्धा तास बसलो. मी ख्रिश्चन नाही, प्रार्थना कशी करायची ते ठाऊक नाही. मनात तो तुरुंगातला प्रसंग येत राहिला. समुंदर सिंहला दोन वाटा होत्या. 'मला भरीस घातले' ही क्लायटेम्नेस्ट्राची वाट. ती खरीही असेल, पण तिच्या टोकाला आणखी एक खून होता. आणि सेल्मी पॉललाही दोन वाटा होत्या. बहिणीच्या रक्ताच्या मोबदल्यात द्वेष करायचा तिला हक्क होता, कुणी नावे ठेवली नसती. एस्किलसच्या तिसऱ्या नाटकात ओरेस्टेसच्या मागे लागलेल्या सूडदेवता शेवटी अथेन्सच्या कोर्टात येतात. मते समसमान पडतात, तो सुटतो, आणि त्या खवळतात. तेव्हा अथेना त्यांना हाकलत नाही. समजूत घालून शहरातच मानाची जागा देते. म्हणजे सूड नाहीसा होत नाही. त्याला घर द्यावे लागते, तरच तो रस्त्यावर फिरायचा थांबतो. इथेही कायद्याने आपले काम केले होते, तो माणूस अकरा वर्षे आत होता. राखीने शिक्षा पुसली नाही. पुढच्या खुनाची साखळी मात्र तिथे तुटली, आणि ती तोडावी असे कुठल्याही भाकितात नव्हते.

परत आल्याबरोबर मी काही केले, असे नाही. माणूस एवढ्यात सुधारत नाही. दोन वर्षे गेली. २०२१ च्या चवथीला गणपती बघायला म्हणून शेजारच्या गावात गेलो आणि पाय त्याच्या दाराशी थांबले. तो ओट्यावर होता. मला बघून उभा राहिला. "येयात," म्हणाला, पण आवाज घाबरलेला. म्हणजे ओळखत होता, कदाचित पहिल्यापासून. माटोळीखाली नमस्कार केला. त्याच्या बायकोने नेवऱ्या आणून ठेवल्या. मी सात वर्षांपूर्वीच्या त्या दाखल्याचे सांगून टाकले. सतरा दिवस मुद्दाम ठेवला होता म्हणून सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हाका दिसलें, नशीब."

मी म्हटले, "नशीब न्हय. हांव आसलों."

माटोळीतली एक सुपारी तो उगाच हाताने फिरवत राहिला. नंतर माझ्याकडे न बघता बोलला, "त्या दिसा हांवूय बेगीन आसलों. तिसरी ट्रीप मारपाची आसली." त्या दिवशी मीही घाईत होतो, तिसरी खेप मारायची होती. सोळा वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला असावा. कोर्टात बोलला नव्हता. मला वाटले होते, हे वाक्य ऐकले की माझ्या अंगाची लाहीलाही होईल. तसे झाले नाही. आम्ही दोघेही जण आता एकाच बाकावर होतो. तोही घाईत होता, मलाही घाई होती. ट्रीपमागे पैसे कुणी ठरवले, रस्त्यावर तेवढे ट्रक कुणी सोडले, अर्जाची तारीख कुणी ठरवली, हे सगळे वाट्याला आलेले. 'आत्ताच जा' हे माझे. पायाखालचा पेडल त्याचा.

मी त्याला क्षमा केली, असे लिहिणार नाही. तो शब्द सेल्मी पॉलच्या तोंडी शोभतो. नेवरी खाल्ली, पाणी प्यालो आणि उठलो, एवढेच.

घरी आलो तेव्हा आई वाती वळत बसली होती. तिला काही सांगितले नाही. पण तिच्याकडे बघताना एक गोष्ट इतक्या वर्षांनी लक्षात आली. त्या डिसेंबरात भावाला मीच पाठवले, हे आईला ठाऊक होते. तो निघताना ती दारातच होती, माझे 'आत्ताच जा' तिने कानांनी ऐकले होते. आणि तरी, रात्री सगळे जमले असताना, "सटयेन बरयल्लें तें कोण पुसतलो" हे तिने म्हटले ते माझ्याकडे बघून. मी इतकी वर्षे ते वाक्य बिचाऱ्या अडाणी बाईचे दैववादी बोलणे समजत होतो. एका मुलाचे प्रेत अंगणात असताना दुसऱ्याला वाचवायला तिच्याजवळ दुसरे काय होते? तिने सटवीला पुढे केले आणि मला मागे घातले.

ते तिचे तिने ठरवले होते.